पंखा बंद, खिडक्या बंद

मे महिन्यात ठाण्यात संध्याकाळी सहा वाजता पंखा बंद करायचा, खिडक्या लावून घ्यायच्या, पडद्याला गाठ मारून तो वर अडकवायचा आणि हॉलच्या मधोमध उभं राहायचं. दोन मिनिटांत घाम फुटतो, चौथ्या मिनिटाला तो भुवईवरून डोळ्यात उतरतो आणि दोन्ही अंगठे रिमोटच्या स्टिकवर असल्यामुळे पुसताही येत नाही. समोर कमरेच्या उंचीवर एक हेलिकॉप्टर असतं, वजन ३०-३५ ग्रॅम, म्हणजे बारक्या लिंबाएवढं, आणि ते आहे तिथेच राहावं एवढी एकच गोष्ट त्या वेळी मला हवी असते. नौपाड्यातल्या आमच्या घरात हे गेली सहा वर्षं चालू आहे. पंख्याचं बटण बाबांकडे असतं. ते ८१ वर्षांचे आहेत, बटणाशेजारच्या खुर्चीत बसतात आणि मनगटावरच्या घड्याळात बघून पाच मिनिटं झाली की "झाली पाच" म्हणतात.

सुरुवात मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या खेळण्यापासून झाली. सायमा कंपनीचं एस१०७, बऱ्याच घरांत ते येऊन गेलंय, तळहातापेक्षा थोडं लांब, एकावर एक दोन रोटर, म्हणजे फिरत्या पात्यांच्या जोड्या, असलेलं. मुलाला आठवडाभर मजा आली, मग खाली क्रिकेट सुरू झालं आणि हेलिकॉप्टर टीव्हीच्या मागे गेलं. मी एका रविवारी पुसायला म्हणून काढलं, चार्ज केलं आणि संध्याकाळपर्यंत तेच करत बसले.

ते उडतंच कसं याचं मला फार नवल वाटलं होतं, म्हणून थोडं सांगते. रोटर एका दिशेने फिरवला की खालचा सांगाडा उलट्या दिशेने फिरायला बघतो, शाळेत घोकलेला न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. एस१०७ मध्ये दोन रोटर एकमेकांच्या उलट फिरतात त्यामुळे दोघांची ओढ आपापसात फिटते आणि सांगाडा सरळ राहतो. आपल्या नौदलाकडची कामोव्ह-२८ आणि कामोव्ह-३१ ही रशियन हेलिकॉप्टरं याच पद्धतीची, त्यांच्या शेपटीला उभा पंखा नसतोच. शिवाय वरच्या रोटरवर दोन्ही टोकांना वजन लावलेली एक दांडी असते, फ्लायबार म्हणतात तिला. हेलिकॉप्टर कलंडलं तरी ती फिरती दांडी आपली पातळी लगेच सोडत नाही आणि पात्यांना सावरून घेते. अमेरिकेतल्या आर्थर यंग या माणसाने ही युक्ती लहान लहान मॉडेलं उडवून, पाडून, परत जोडून, अशी वर्षानुवर्षं खटपट करून बसवली, मग तो १९४१ मध्ये बेल कंपनीत गेला आणि त्यातून बेल ४७ आलं, ज्याला मार्च १९४६ मध्ये नागरी वापराचं जगातलं पहिलं हेलिकॉप्टर प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे आधी छोटं उडलं आणि मग मोठं. हे वाचलं तेव्हा टीव्हीमागच्या त्या खेळण्याकडे बघायची माझी नजर बदलली ती बदललीच.

एस१०७ ला बाजूला सरकता येत नाही, फक्त वर-खाली, पुढे-मागे आणि वळणं, आणि त्याचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेडवर चालतो, त्यामुळे दुपारी आमच्या गॅलरीतून ऊन आत आलं की त्याला सिग्नल मिळायचा नाही आणि ते बदकन खाली यायचं. दोन महिन्यांत मला ते कसंही नेता यायला लागलं. मग मी चार चॅनलचं घेतलं, म्हणजे बाजूलाही सरकणारं, एकच मोठा रोटर, शेपटीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी मोटर आणि तिच्यावर इवलासा पंखा, २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट. आणि पहिल्या संध्याकाळी ते ज्या वेगाने सोफ्याखाली गेलं त्यावरून कळलं की आधीचे दोन महिने मी फक्त बघत होते, उडवत नव्हतेच.

लोकांना वाटतं, मलाही वाटायचं, की लहान म्हणजे सोपं. दीड मीटर रोटरचं मोठं मॉडेल हवेत जड असतं, त्याला ढकललं तरी ते जरा विचार करून हलतं. ३० ग्रॅमला थांबवायला काहीच नाही. स्टिक केसभर हलली की ते निघालं, आणि तुम्ही परत आणायला स्टिक उलटी हलवली की तिकडे निघालं, मग आपला हात आणि ते यांचा झोपाळा सुरू होतो आणि प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा. पण याच्या उलट बाजूला एक गोष्ट आहे जिच्यामुळे मी आजही उडवतेय. मोठं मॉडेल पडलं की हजारो रुपये जातात आणि त्याची पाती अंगावर आली तर जीवघेणी ठरू शकतात. लहान पडलं की बहुतेक वेळा नुसतं पडतं. उचला, ठेवा, परत उडवा. एका संध्याकाळी मी चाळीस वेळा पाडलंय आणि एकदाही काही तुटलं नाही. फक्त एक सवय अंगात भिनवावी लागते, ते पडतंय असं दिसलं की थ्रॉटल, म्हणजे मोटरला दिलेला जोर, शून्यावर आणायचा. हात नेमका उलट करतो, पडतंय म्हटल्यावर वर उचलायला बघतो, आणि मग पाती फरशीवर अडकून पडलेली असताना मोटर जोर करत राहते, गिअरचे दात जातात नाहीतर मोटर जळते. अंगठ्याला हे शिकवायला मला महिना लागला.

आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर माझे दोन-तीन आठवडे वाचले असते. शिकताना भीतीने आपण ते जमिनीलगत ठेवतो, चार बोटं वर. तीच सगळ्यात वाईट जागा. रोटर जी हवा खाली ढकलतो ती फरशीवर आपटून आजूबाजूने वर येते, रोटरच्या व्यासाएवढ्या उंचीपर्यंत हेलिकॉप्टर आपल्याच हवेच्या उशीवर घसरत असतं, कधी इकडे कधी तिकडे. माझ्या हेलिकॉप्टरचा रोटर वीतभर, म्हणजे वीतभर उंचीपर्यंत धुमाकूळ, आणि कमरेपर्यंत नेलं की तेच हेलिकॉप्टर शहाण्यासारखं वागतं. म्हणून दचकत दचकत नाही, एकदम उचलायचं. सिकोर्स्कीने १४ सप्टेंबर १९३९ ला त्याचं व्हीएस-३०० पहिल्यांदा उचललं तेव्हा ते दोरांनी जमिनीला बांधलेलं होतं. मी दोर नाही बांधले, खराट्याचे दोन हीर फुलीसारखे आडवे बांधून पायांखाली लावले, टोकांना थर्माकोलचे मणी, म्हणजे कलंडताना ते आधी टेकतात. वजन इतकं कमी की हेलिकॉप्टरला कळलंही नाही.

पंखा बंद का, ते आता लक्षात आलं असेल. एक नंबरवरचा पंखासुद्धा याला वादळ आहे. पण पंखा बंद केला तरी खोली स्थिर राहत नाही, आमचा हॉल दहा बाय चौदा, त्यात दीड-दोन मिनिटं उडवलं की ते स्वतःच हवा घुसळून ठेवतं, भिंतीवरून परत आलेला स्वतःचाच वारा त्याला लागतो आणि मघाशी गप्प उभं असलेलं हेलिकॉप्टर कारण नसताना कपाटाकडे ओढ घेतं. मी तेव्हा ते उतरवून अर्धा मिनिट थांबते. बाबा म्हणतात, "बसू दे हवा." ताकातला लोण्याचा गोळा वर यायची वाट बघावी तसं आम्ही दोघं खोलीतल्या हवेकडे बघत बसतो.

बाबांबद्दल सांगायला हवं, त्यांच्याशिवाय हे कधीच बंद पडलं असतं. ते घड्याळजी. स्टेशनकडच्या एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांची साडेतीन फुटांची जागा होती, तिथे त्यांनी चाळीस वर्षं एचएमटीची जनता आणि तसली हातघड्याळं उघडली आणि बंद केली. मी शाळेतून तिथे जायचे आणि काचेच्या पेटीला टेकून गृहपाठ करायचे. चार चॅनलच्या हेलिकॉप्टरची शेपटी पहिल्यांदा फिरायला लागली तेव्हा मी ते घेऊन त्यांच्यासमोर ठेवलं. फिरायला लागली म्हणजे, वर उचललं की अख्खं हेलिकॉप्टर गरगर फिरायचं, उलटा रडर, म्हणजे वळवायची स्टिक उलट्या बाजूला, पूर्ण दिला तरी थांबायचं नाही. शेपटीची मोटर थकली होती. या बारक्या मोटरींच्या आत ब्रश असतात, ते झिजतात, मोटर गरम होऊन कमी जोर लावते आणि मुख्य रोटरची ओढ तिला आवरत नाही. बदलायची एवढंच. पण ही मोटर बसते कार्बनच्या नळीच्या टोकाला, नळी आतून काडेपेटीतल्या काडीएवढी, आणि मोटरच्या दोन वायरी केसासारख्या, त्या नळीच्या आतून पुढच्या सर्किटपर्यंत न्यायच्या. पहिल्या दिवशी मी दोन तास ढकलत बसले. वायर आत जाते, वाकते, अडते. तिसऱ्यांदा ती तुटली तेव्हा मला खरंच रडू आलं, कारण दुसरी मोटर यायला तीन आठवडे लागणार होते.

ती तीन आठवड्यांनी आली. बाबांनी डोळ्याला काळं भिंग लावलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा, आणि आईच्या शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा मागितला. दोऱ्याचं एक टोक नळीच्या एका बाजूला धरलं आणि दुसऱ्या बाजूने ओठ लावून हवा ओढली. दोरा सरकन बाहेर आला. मग त्या दोऱ्याला दोन वायरी बांधल्या, गाठीवर मेणबत्तीचं मेण चोळलं आणि हलक्या हाताने ओढून घेतल्या. सगळं मिळून चार मिनिटं. नंतर मी वायरीच्या टोकांचं लाखेसारखं आवरण ब्लेडने खरवडलं, कारण ते असताना डाग बसतच नाही, आणि सोल्डरिंग केलं. तेव्हापासून आमच्याकडे दुरुस्तीचं एक टेबल आहे. स्क्रू ठेवायला आईचा जुना मिसळणाचा डबा, सात वाट्या, स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने वाट्यांत. मोहरीच्या वाटीत शेपटीचे, हळदीच्या वाटीत रोटर हेडचे, हळदीचा पिवळा डाग अजून आहे. हे स्क्रू म्हणजे तिळाएवढे, प्लास्टिकमध्ये बसणारे, त्यामुळे जास्त आवळले की भोकातला आटा जातो आणि मग तो भाग फेकायचाच. बाबा एवढंच म्हणतात, "बसला की थांब. वरची पाव फेरी आपली नाही."

कधीकधी आठवड्याला उडवणं वीस मिनिटं आणि टेबलावर बसणं चार तास असं होतं. बारक्या वाकलेल्या शाफ्टमुळे थरथर येते आणि ती शोधायला सगळं उघडावं लागतं, पात्यांच्या दोन बाजू एका पातळीत फिरत नसल्या तर बाजूने बघताना एकाऐवजी दोन चकत्या दिसतात, मग पात्याचा कोन धरणाऱ्या दांडीला, लिंकला, अर्धा आटा फिरवायचा, परत बघायचं. मला वैताग येतो. सामान मिळत नाही त्याचाही येतो, मागवलेलं यायला महिना, आलं तर चुकीचं, मी चार वर्षांपूर्वी घेतलेल्या मॉडेलचे गिअर आता कुणी बनवतच नाही आणि मी त्याची शेवटची तीन पाकिटं कपाटात लॉकेटच्या डबीशेजारी ठेवलीत. हे सगळं एवढ्याशा वस्तूसाठी का, असं घरी येणारे विचारतात. आणि ड्रोन का नाही घेत, असं तर सगळेच विचारतात. ड्रोन चांगलाच असतो, त्याला सोडून दिलं तरी त्यातले सेन्सर आणि प्रोग्रॅम त्याला जागेवर ठेवतात, आपण फक्त कुठे जायचं ते सांगायचं. माझ्या या फ्लायबारवाल्याला हात सोडला तर ते दोन-तीन सेकंदांत भिंतीवर जाणार. ते उभं असतं तेव्हा ते मी उभं केलेलं असतं. शेपटीचा पंखा त्याला सतत एका बाजूला ढकलत असतो म्हणून ते सरळ राहायला एका अंगाला किंचित झुकूनच राहतं, खरी हेलिकॉप्टरंसुद्धा तशीच राहतात, आणि त्या झुकण्याची सवय अंगठ्यात बसते तेव्हाचं जे काही वाटतं त्यासाठी मला दुसरं काही लागत नाही.

सगळ्यात जास्त काळ मी अडकले ती जागा म्हणजे तोंड माझ्याकडे. हेलिकॉप्टरची शेपटी आपल्याकडे असेल तर त्याचं डावं ते आपलं डावं. ते वळून आपल्याकडे तोंड करून उभं राहिलं की उलटं, आपल्या डावीकडे झुकलं तर ते त्याचं उजवं. विचार करायला अर्धा सेकंद लागतो आणि अर्ध्या सेकंदात ते गेलेलं असतं. चार महिने. रोज ऑफिसहून वागळे इस्टेटवरून यायचं, चहा घ्यायचा, दोन बॅटऱ्या, दहा मिनिटं, पाडायचं. एक क्लृप्ती आहे, ज्या बाजूला ते पडतंय त्या बाजूला स्टिक न्यायची, पडणाऱ्याला खालून हात द्यावा तशी. हे वाक्य मला पाठ होतं आणि तरी अंगठा ऐकत नव्हता. नंतर नंतर मी ऑफिसात ड्रॉइंग करता करता टेबलाखाली अंगठे हलवायला लागले, लोकलमध्ये डोळे मिटून ते माझ्याकडे तोंड करून उभं आहे असं बघायचे. आणि मग एका गुरुवारी, पावसाळा होता, बाहेर धो धो, ते वळलं, माझ्याकडे तोंड करून उभं राहिलं, डावीकडे झुकलं आणि सरळ झालं. मी काही ठरवलं नव्हतं. परत झुकलं, परत सरळ झालं. मी श्वास धरून बघत होते आणि अंगठे त्यांचं त्यांचं करत होते. "झाली पाच" ऐकू आलं तरी मी उतरवलं नाही आणि बाबांनीही दुसऱ्यांदा सांगितलं नाही. बॅटरी संपत आली की थ्रॉटल वर वर द्यावा लागतो, तसा तो द्यावा लागला तेव्हाच उतरवलं. या बॅटऱ्या एका सेलच्या, ३.७ व्होल्टच्या लिथियम पॉलिमर, भरल्यावर ४.२, आणि ३ च्या खाली गेल्या की खराब होतात, कधी फुगतात, फुगलेली मी लगेच बाजूला काढते. त्या दिवशीची मी ताणली आणि ती त्यानंतर कधी पूर्ण भरली नाही. त्याचं वाईट वाटलं नाही.

बाहेर मी फारसं उडवत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र नॅनो गटात येतं आणि ते उडवायला पायलटचा परवाना लागत नाही, पण आपल्याकडे पोलिसांचे मनाईचे आदेश वेळोवेळी निघत असतात आणि ते पाळायचेच. आधी हिवाळ्यात खारघरला बहिणीकडे गेले की सकाळी साडेसहाला तिच्या सोसायटीच्या आवारात उडवायचे, त्या वेळी वारा अगदी मेलेला असतो. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं सुरू झाली, आता तिथे माझ्या ३५ ग्रॅमनेसुद्धा वर जाऊ नये असं मला वाटतं. एकदा आमच्याच गच्चीवर वाऱ्याने ते कठड्यापलीकडे नेलं होतं. शेजारच्या वाड्यातल्या आंब्यावर अडकलं, दोन कावळे येऊन त्याची चोच मारून तपासणी करत होते, आणि तिसरीतला एक मुलगा बांबूने ते काढून वर घेऊन आला. त्याने ते दोन्ही हातांत, पक्ष्याचं पिल्लू धरतात तसं धरलं होतं. तो आता रविवारी येतो, एस१०७ त्यानेच शिकून घेतलंय.

गेल्या वर्षी कलेक्टिव्ह पिचचं घेतलं, त्यात रोटरचा वेग जवळपास तोच राहतो आणि पात्यांचा कोन बदलून वर-खाली होतं, फ्लायबार नाही, त्याचं काम जायरो, म्हणजे कलणं ओळखणारा सेन्सर, करतो, कोन उणेमध्ये नेला की उलटंही उडतं. त्याच्याबद्दल लिहिण्याइतकं अजून माझ्याकडे काही नाही. मला जुन्याचीच ओढ आहे.

मागच्या महिन्यात मी ते जुनं उडवत होते आणि बाबा एकदम म्हणाले, "उतरव." अजून दोन मिनिटंच झाली होती. मी उतरवलं. म्हणाले, "एक दात गेलाय. दर फेरीला टिक म्हणतंय." मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मुख्य गिअर काढला, पांढरा, रुपयाच्या नाण्याएवढा, भिंगाखाली एकेक दात नखाने मोजत गेले आणि खरंच, एक दात अर्धा तुटलेला. आणखी चार दिवस उडवला असता तर शेजारचे गेले असते आणि मग हवेतच बसला असता. त्यांना आता वर्तमानपत्राचे मथळेसुद्धा नीट दिसत नाहीत. मी कपाटातल्या तीन पाकिटांपैकी एक फोडलं. गिअर त्यांनीच बसवला, बोटांनी चाचपत, आणि दातांमध्ये किती ढिलाई हवी ते कागदाचा कपटा मध्ये घालून बघितलं.

काल संध्याकाळी मी ते हॉलमधून पॅसेजमध्ये नेलं. पॅसेज तीन फूट रुंद, तिथे दोन्ही भिंतींवरून वारा उलटतो, म्हणून आतापर्यंत कधी नेलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत शेपटी माझ्याकडे होती. तिथे वळवलं आणि ते माझ्याकडे तोंड करून परत यायला लागलं, फ्रिजपाशी एकदा डावीकडे ओढलं गेलं, सावरलं, चपलांच्या स्टँडवरून आलं, आणि बाबांच्या पायांपुढे मी पाट मांडून ठेवला होता त्याच्यावर मी ते उतरवलं. एक पाय पाटाच्या कडेला होता. थ्रॉटल शून्य केला, रोटर थांबला. बाबांनी "झाली का?" विचारलं, मी हो म्हटलं, त्यांनी हात मागे नेऊन पंखा सुरू केला. गरम हवा हलली, पडद्याची गाठ सुटली, आणि पाटावरच्या हेलिकॉप्टरची पाती आपली आपण हळूहळू फिरायला लागली.